मुळे तुटलेल्या झाडाची तहान

पावसाळा जवळ आला की झाडे हलवण्याविषयीची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे : पाण्यात कसूर केली नाही, तरीही झाड वाळले. म्हणून आजचे सदर पुनर्रोपण केलेल्या झाडाच्या पाण्यासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : रस्तारुंदीकरणात जाणारे बारा वर्षांचे कडुलिंबाचे झाड आम्ही मातीच्या हुंडीसह, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासह, उचलून शाळेच्या आवारात लावले. रोज टँकरने पाणी घालतो. तरी दुपारी पाने लोंबतात आणि शेंड्याकडच्या फांद्या वाळत चालल्या आहेत. एवढ्या ओल्या जमिनीत झाड तहानलेले कसे राहते?
— एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : जमिनीत पाणी असणे वेगळे आणि ते झाडाच्या हाती लागणे वेगळे. झाडाची मुळे खोल जातात असा आपला समज असतो, परंतु पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरच्या थरातच असतात आणि ती फांद्यांच्या घेरापलीकडे दूरवर पसरलेली असतात. आपण बुंध्याभोवती चर खणला तेव्हा चराबाहेरची ही सारी मुळे जुन्या जागीच राहिली. हुंडीबरोबर आली ती मुख्यत्वे जाड मुळे. ती झाडाला आधार देतात, पाणी वाहून नेतात, पण स्वतः फारसे पाणी शोषत नाहीत. शोषणाचे काम मुळांच्या टोकांजवळचा कोवळा भाग आणि त्यावरचे मूलरोम, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू, करतात. वाढलेले झाड काढताना मुळांच्या पसाऱ्यापैकी ९० टक्के किंवा त्याहूनही अधिक भाग मागे राहू शकतो. पाने मात्र सगळीच्या सगळी बरोबर येतात.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. बुंध्याचा व्यास १० सेंटीमीटर असेल तर हुंडीचा व्यास त्याच्या १० ते १२ पट, म्हणजे १ ते १.२ मीटर असावा, असा रिवाज आहे. १.२ मीटर व्यासाच्या आणि ६० सेंटीमीटर खोलीच्या हुंडीचे वजन एक टनाहून अधिक भरते, म्हणूनच क्रेन लागते. एवढ्या मातीत, ती चांगली पोयट्याची असली तरी, झाडाला घेता येईल असे पाणी साधारण १०० लिटर मावते. भरल्या पानांचे असे झाड उन्हाळ्यात दिवसाला ३० लिटर पाणी हवेत सोडते असे धरले, तर हुंडीतला साठा तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपतो. हुंडीबाहेर आळे तुडुंब भरलेले असले तरी तिथे शोषणारे मूळच नाही. भिंतीपलीकडच्या विहिरीसारखी ती ओल असते.

आता दुपारी काय घडते ते पाहा. पानांतून पाणी उडते, मुळांकडून तेवढे येत नाही, त्यामुळे खोडातील जलवाहिन्यांमध्ये पाण्याचा स्तंभ अधिकाधिक ताणला जातो. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की वाहिनीत शेजारून हवा ओढली जाते, बुडबुडा तयार होतो आणि ती वाहिनी निकामी होते. हे टाळण्यासाठी झाड पानांवरची सूक्ष्म दारे, म्हणजे पर्णरंध्रे, मिटून घेते. कोरडी पडणारी मुळे आणि कोमेजणारी पाने ॲबसिसिक आम्ल नावाचे संप्रेरक तयार करतात आणि त्याच्या इशाऱ्याने रंध्रे बंद होतात. पाणी वाचते खरे, पण त्याच दारांतून कर्बवायू आत यायचा असतो. दारे मिटली की अन्न बनणे थांबते, अन्न नसले की नवी मुळे फुटत नाहीत आणि नवी मुळे फुटेपर्यंत दारे पुरती उघडता येत नाहीत. हा पेच सुटेपर्यंत झाड खोडात आणि जाड मुळांत साठवलेल्या पिष्टावर जगते.

शेंडे आधी का वाळतात, याचे उत्तर शेतातल्या पाटाला ठाऊक असते : पाणी कमी पडले की टोकाचा वाफा आधी सुकतो. आपल्या झाडाला रोजचा टँकर नको आहे. ते पाणी नेमके हुंडीच्या मातीत पोहोचायला हवे आहे. त्याची रीत पुढे एका उत्तरात दिली आहे.

प्रश्न : मुळे पाणी खालून वर ढकलतात, असे आम्हांला शाळेत शिकवले होते. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी तर जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस वर चढतो असे मांडले होते. आपण मागे एकदा ‘पाणी वरून ओढले जाते’ असे लिहिलेत. यातले खरे काय?
— एक निवृत्त शिक्षिका, फोंडा, गोवा

उत्तर : मुळांचा दाब खोटा नाही. पहाटे अळूच्या पानाच्या टोकावर लोंबणारा पाण्याचा थेंब दवाचा असतोच असे नाही. पुष्कळदा तो मुळांच्या दाबाने आतून बाहेर आलेला असतो. मात्र हा दाब लहान असतो, सर्व वनस्पतींत आढळत नाही आणि भर दुपारी, पाण्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, जवळजवळ नाहीसा होतो. केशाकर्षणानेही, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढण्यानेही, काम भागत नाही : एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी त्या बळावर जेमतेम ३० सेंटीमीटर चढते. हवेच्या दाबाचा पंप फार तर १० मीटरपर्यंत पाणी उचलतो. कॅलिफोर्नियातील सर्वांत उंच रेडवूड वृक्ष तर ११५ मीटरच्या पुढे गेला आहे.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत झाडाचे कापलेले खोड विषारी द्रावणात उभे केले. खोडातील जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिले. म्हणजे पंप जिवंत पेशींत नव्हता. डब्लिनमधील हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ साली आज मान्य असलेली उपपत्ती मांडली. पानांतील पेशींच्या ओलसर भित्तिकांतून पाणी उडते, तिथल्या अतिसूक्ष्म छिद्रांतले पाणी त्यामुळे मागे ओढले जाते, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहत असल्यामुळे ही ओढ अखंड स्तंभातून थेट मुळांपर्यंत पोहोचते. रहाटाचा दोर वरून ओढावा तसे हे आहे. फरक इतकाच की इथे दोरच पाण्याचा आहे. बोस यांची १९२३ सालची स्पंदनाची कल्पना पुढील प्रयोगांत टिकली नाही. वनस्पतींच्या संवेदनांविषयीच्या त्यांच्या कामाचे मोल मात्र त्यामुळे कमी होत नाही. १९६५ च्या सुमारास प्रचारात आलेल्या दाबपात्रामुळे तर ही ओढ मोजताही येऊ लागली. ताजी डहाळी पोलादी भांड्यात बंद करून कापलेले टोक बाहेर ठेवायचे आणि त्या टोकावर रस दिसेपर्यंत आत दाब वाढवायचा. तो दाब जेवढा, तेवढी झाडातली ओढ.

झाड हलवणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट अशी. स्तंभ ताणलेला असताना मूळ तोडले की पाणी झटक्याने आत सरकते आणि त्याच्या मागोमाग हवा शिरते. म्हणूनच फुलदाणीत ठेवण्यापूर्वी निशिगंधाचा दांडा पाण्याखाली धरून पुन्हा कापतात. झाडाच्या मुळांबाबत ते शक्य नाही. पण झाड पहाटे, ओढ सर्वांत कमी असताना, आणि दोन-तीन दिवस आधी भरपूर पाणी पाजून काढले तर नुकसान पुष्कळ कमी होते. जुन्या जलवाहिन्या मृत पेशींच्या असतात, त्यांना स्वतःला दुरुस्त करता येत नाही. झाडाला नवे काष्ठ घडवूनच ही भरपाई करावी लागते. सागासारख्या झाडात हंगामाच्या आरंभी रुंद वाहिन्यांचे कडे तयार होते. वाहिनी दुप्पट रुंद असली तर पाणी सोळा पट वाहते, पण तीत हवा शिरली तर तोटाही तेवढाच मोठा असतो.

प्रश्न : आम्ही संत्र्याच्या आंबिया बहारासाठी दर डिसेंबरात बागेला ताण देतो. झाडे पाने गाळतात, मलूल होतात, पण पाणी सोडताच फुलांनी लगडतात. मग बांधावरून हलवलेल्या लिंबाच्या झाडाला तोच ताण का सोसवत नाही? त्यानेही पुनर्लागवडीनंतर महिनाभरात फुले धरली, तेव्हा आम्हांला ते जगले असे वाटले होते.
— एक बागायतदार, काटोल, जिल्हा नागपूर

उत्तर : आपला प्रश्न मला विशेष आवडला, कारण पाण्याच्या टंचाईला ‘ताण’ हा शेतकऱ्याने दिलेला शब्द जलवाहिनीत प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टीचेही अचूक वर्णन करतो.

बागेत आपण पाणी तोडता तेव्हा ताण हळूहळू चढतो. माती दिवसागणिक थोडी थोडी सुकते आणि झाडाला तयारीला अवधी मिळतो. त्याची शाखीय वाढ थांबते, अन्नसाठा फांद्यांत जमा होतो, पेशी आपल्या रसात साखर आणि क्षार वाढवून पाणी धरून ठेवतात आणि जास्तीची पाने झाड स्वतः उतरवते. मुख्य म्हणजे मुळांचा पसारा जागेवर शाबूत असतो; म्हणून पाणी सोडल्यावर चार दिवसांत झाड खडबडून जागे होते. भारी जमिनीत ताण बसायला जास्त दिवस लागतात आणि हलक्या जमिनीत कमी, हे आपणांस मी सांगायला नको.

बांधावरच्या लिंबाचे उलटे झाले. त्याला एका दुपारीत ताण बसला, तयारीला अवधी मिळाला नाही आणि पाणी पुन्हा मिळाले तेव्हा ते घेणारी मुळे नव्हती. फुले आली ती त्याच जुन्या संकेताने : ताण पडला, म्हणून बी धरावे. त्या फुलांना लागणारे अन्न मुळांच्या वाट्याचे असते. हलवलेल्या झाडाला पहिल्या वर्षी फुले-फळे लागली तर ती खुडून टाकावीत. मन मोडते, पण झाड वाचते.

आपल्याकडचे काही जण झाड ‘कणखर व्हावे’ म्हणून काढण्यापूर्वी त्याचे पाणी तोडतात. ते करू नये. खरी पूर्वतयारी पाणी तोडून होत नाही, ती मुळे टप्प्याटप्प्याने तोडून होते. झाड हलवायचे नक्की असेल तर सहा महिने ते वर्षभर आधी ठरलेल्या हुंडीच्या कडेने अर्ध्या घेरात चर घ्यावा, मुळे धारदार हत्याराने साफ कापावीत आणि चरात माती व कुजलेले शेणखत भरावे. उरलेला अर्धा घेर दोन-तीन महिन्यांनी करावा. कापलेल्या टोकांपाशी नव्या बारीक मुळांचे झुबके येतात आणि ते हुंडीबरोबर नव्या जागी जातात. रस्त्याच्या कामांत एवढा अवधी कुणी देत नाही, आणि माझ्या मते तिथली निम्मी लढाई याच ठिकाणी हरली जाते.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेतील आंबा आणि पिंपळ हलवण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी मिळाली आहे. ठेकेदार म्हणतो की सगळ्या फांद्या उतरवून फक्त बुंधा न्यायचा, म्हणजे पाणी उडायचा प्रश्नच राहत नाही. हे बरोबर आहे का?
— संस्थेचे सचिव, ठाणे

उत्तर : ठेकेदाराची सोय होते हे नक्की, कारण बोडका बुंधा ट्रकवर सहज मावतो. झाडाची सोय झाडागणिक बदलते. वड, पिंपळ, उंबर या कुळातील झाडांच्या जाड लाकडातूनही मुळे आणि धुमारे सहज फुटतात. वडाची फांदी नुसती रोवली तरी लागते. पिंपळाची मोठी छाटणी म्हणूनच निभावते, तरी मुख्य फांद्यांचा सांगाडा राखावा. आंब्याचे तसे नाही. त्याचा मोठा बुंधा पुन्हा मुळे धरण्यात मंद असतो. त्याची सगळी पाने काढली तर पाणी वाचते, पण नवी मुळे घडवणारे अन्नही बंद होते आणि कोवळ्या शेंड्यांतून खाली उतरणारे, मुळांना चालना देणारे संप्रेरकही मिळत नाही. आंब्याच्या वाळक्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि एकूण पालवी चौथ्या हिश्श्याहून फारशी कमी करू नये. पाणी नियमित देता येणारच नसेल तर थोडी अधिक छाटणी करावी लागते, हे मान्य. पण छाटणी पाण्याची जागा घेऊ शकत नाही. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावावी आणि आजवर सावलीत राहिलेले खोड एकदम उन्हात आले असेल तर त्याला चुना द्यावा किंवा गोणपाट गुंडाळावे.

प्रश्न : काम मे महिन्यातच पूर्ण करायचे आहे. दुप्पट पाणी घातले तर मे महिन्यात झाडे हलवलेली चालतील का?
— एक अभियंता, जळगाव

उत्तर : नाही. हवेची तहान मोजता येते. ४० अंश सेल्सिअस तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या हवेची पाणी ओढण्याची शक्ती २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या पावसाळी हवेच्या सुमारे ११ पट असते. पर्णरंध्रे मिटत असल्याने झाडाचे पाणी काही ११ पट उडत नाही, पण ती दिवसभर मिटलेली राहतात आणि उपासमार होते, ती वेगळीच. अडचण वर उडण्याच्या आणि खाली शोषण्याच्या गतीतल्या तफावतीची आहे. दुप्पट पाण्याने शोषणारी मुळे दुप्पट होत नाहीत. पाऊस लागून हवा दमट झाली की काम सुरू करावे. पानझडी झाडे पाने गळलेली असताना, नवी पालवी फुटण्यापूर्वीही हलवता येतात, मात्र पुढचा उन्हाळा त्यांना पाण्यावर काढावा लागतो.

प्रश्न : आंध्रातून आलेली, चिकट तांबड्या मातीच्या हुंडीतील मोठी झाडे आम्ही काळ्या जमिनीत लावली. दोन-दोन दिवसांआड आळे भरतो. काही झाडे पिवळी पडली, काही वाळली. पाणी कमी पडते आहे की जास्त?
— एक वाचक, निफाड, जिल्हा नाशिक

उत्तर : बहुधा एकाच खड्ड्यात दोन्ही घडते आहे. वाळलेल्या चिकट मातीची हुंडी विटेसारखी कडक होते. आळ्यात सोडलेले पाणी तिच्यात शिरण्याऐवजी भोवतीच्या भुसभुशीत भरावातून खाली उतरते आणि काळ्या मातीत खड्ड्याच्या तळाशी साचते. मध्यभागी दुष्काळ, तळाला डबके. डबक्यातल्या मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि गुदमरलेले मूळ पाणी शोषू शकत नाही, म्हणून अतिपाण्याने आजारी झालेले झाडही तहानेल्यासारखेच माना टाकते. मग माणूस आणखी पाणी घालतो.

पाने पाहून निर्णय घेऊ नका, माती पाहून घ्या. बुंध्यापासून वीतभर अंतरावर, हुंडीच्या आतच, बारीक सळईने किंवा खुरप्याने १५–२० सेंटीमीटर खोलवरची माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा वळला, पण हाताला चिकटला नाही, तर वाफसा आहे; थांबा. माती भुरभुरली तर पाणी द्या. चिकटून पाणी सुटले तर आळे मोडून निचरा करून द्या. पहिल्या हंगामात आळे हुंडीच्या घेराएवढेच ठेवा, म्हणजे पाणी हुंडीवरच उभे राहील. कडक झालेल्या हुंडीत सळईने पाच-सहा भोके पाडून ठिबकच्या दोन-तीन तोट्या थेट हुंडीवर ठेवा आणि संथ पाणी बराच वेळ द्या. वर पालापाचोळ्याचे चार बोटे आच्छादन हवे, फक्त ते बुंध्याला टेकवू नका. हुंडी खड्ड्यात खोल गेली असेल, म्हणजे बुंध्याचा पसरट होत जाणारा तळ मातीखाली गाडला गेला असेल, तर ती जादा माती काढून टाका. पुढे झाड जसे रुळेल तसा आळ्याचा घेर वाढवत जा, कारण मुळांना बाहेर यायचे तर बाहेर ओल असावी लागते.

प्रश्न : मोठे नारळ उपटून दुसरीकडे लावलेले जगतात, तेवढा फणस जगत नाही. नारळात असे काय आहे?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : नारळाच्या बुंध्याच्या तळातून नवी मुळे आयुष्यभर फुटत राहतात आणि मोजक्या झावळ्यांमुळे पाणी उडण्याची बाजूही मर्यादित असते. मात्र नारळाचे खोड जाडीत वाढत नाही, त्यामुळे जलवाहिन्या एकदा घडल्या त्या जन्मभराच्या. वाहतुकीत खोड चिरडले किंवा कोंब दुखावला तर दुसरी संधी नाही.

प्रश्न : आमच्या भागात हलवलेल्या झाडांना महिनाभरात पालवी फुटली आणि ‘झाडे जगली’ असा फलक लागला. पुढच्या एप्रिलात त्यांतली बरीच वाळली. झाड जगले असे केव्हा म्हणावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिली पालवी साठवलेल्या अन्नावर फुटते. तोडून टाकलेल्या ओंडक्यालाही कधी कधी धुमारे येतात, ते याच कारणाने. पाऊस संपेपर्यंत हवा दमट असल्याने उणीव झाकली जाते आणि पहिल्या उन्हाळ्यात ती उघडी पडते. दिल्ली सरकारच्या २०२० च्या वृक्ष पुनर्रोपण धोरणात एका वर्षानंतर ८० टक्के झाडे जगलेली असावीत असा निकष आहे. महिन्याच्या फलकापेक्षा तो पुष्कळ बरा, पण मोठ्या झाडाला वर्षही अपुरे असते. थंड हवामानाच्या देशांत बुंध्याच्या दर अडीच सेंटीमीटर व्यासामागे एक वर्ष असा ठोकताळा वापरतात. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात, पाणी नियमित मिळाले तर, मुळे बरीच झपाट्याने वाढतात. तरीही २० सेंटीमीटर व्यासाच्या झाडाला दोन-तीन वर्षे पाणी चालू ठेवावे लागेल असे धरून चालावे.

मधल्या काळात पानांकडे पाहताना एक खूण उपयोगी पडते. पाने गळून पडत असतील तर देठाशी तुटण्याचा थर घडवण्याइतका जीव फांदीत आहे. पाने वाळून फांदीलाच चिकटून राहिली असतील तर ती फांदी अचानक मेली असण्याची शक्यता जास्त. शंका आल्यास नखाने साल किंचित खरवडावी, आत हिरवे आणि ओलसर दिसले तर थांबावे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मूळ हुंडीच्या कडेपासून हातभर बाहेर एक लहान खड्डा घेऊन पाहा. तिथे झाडाची पांढरट, बारीक, नवी मुळे दिसली तर पाण्याच्या पाळ्यांतले अंतर वाढवायला हरकत नाही. ती दिसली नाहीत तर झाड वरून कितीही हिरवे असले तरी येत्या उन्हाळ्यात त्याचे पाणी तोडू नका.